शस्त्रसंग्रहालयातले फोटो बिघडतात तेव्हा: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

काचेमागची कट्यार टिपायला जावं आणि फोटोत कट्यारीच्या पात्यावर आपलाच पांढरा शर्ट, मागची खिडकी नि छतातली ट्यूबलाइट दिसावी. ही तक्रार माझ्याकडे वर्षानुवर्षं येते. ओळखीतले काही जण रणगाड्यांची लहान मॉडेलं बनवतात, काही शिवकालीन शस्त्रांच्या नादी लागलेले आहेत, एकदोघं शाळेत इतिहास शिकवतात. कॅमेरा प्रत्येकाचा वेगळा, संग्रहालय वेगळं, बिघाड मात्र तोच. आणि फोटो दाखवून झाला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: नवा फोन कोणता घेऊ?

कोणताच नको, निदान आत्ता तरी. यातले बहुतेक बिघाड नको त्या जागेवरून येणाऱ्या उजेडाचे असतात आणि ते जागा बदलून सुटतात. म्हणून खालचा क्रम फुकटापासून खर्चिकाकडे जातो. मधल्या पायऱ्या गाळून थेट फिल्टर विकत घेतलात तर मूळ कारण तसंच राहील, वर फिल्टरचे पैसे जातील.

आधी लक्षणं

फोटो मोठ्या पडद्यावर उघडा आणि तुमचा बिघाड कोणता ते ठरवा. एकाच फोटोत दोन-तीन एकत्रही असतात.

- काचेवर ओळखू येणारे आकार दिसतात: दिवे, खिडकी, माणसं, तुमचा हात.
- आकार काही दिसत नाही, पण सगळ्यावर दुधट पडदा आहे. काळं मखमल राखाडी झालंय, दिव्यांपासून तिरप्या रेघा निघाल्यात.
- फोटोभर फिकट-गडद पट्टे आहेत. व्हिडिओत ते वर-खाली सरकतात.
- मखमलाची वीण दिसते, पण तलवारीचं पातं पांढरंफटक. किंवा उलट: आकाश झकास आणि रणगाडा काळा ठिक्कर.
- सगळ्या कडा दुहेरी. म्हणजे फोटो हललाय.
- काचेवरची धूळ नि बोटांचे ठसे रेखीव, मागची वस्तू अस्पष्ट.
- पदकाच्या फितीचे, अंगरख्याचे रंग डोळ्यांना दिसले तसे नाहीत.
- सरळ तलवार वाकडी, तोफेचं तोंड फुगलेलं.
- प्रत्येक फोटोत त्याच ठिकाणी तोच काळपट ठिपका.

तिकिटाच्या खिडकीवर दोन प्रश्न

फोटो चालतात का, आणि फ्लॅश व ट्रायपॉडचं काय? काही ठिकाणी मोबाइलला आणि कॅमेऱ्याला वेगळं शुल्क असतं, काही ठिकाणी एका दालनात परवानगी असते आणि शेजारच्यात नसते. दुसऱ्या संस्थेकडून उसन्या आणलेल्या वस्तूंना देणाऱ्यांच्या अटी लागू असतात. २०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तसल्या प्रदर्शनात मागची रांग तुम्हाला ढकलत असते आणि काचेसमोर उभं राहायला जेमतेम काही क्षण मिळतात. अशा ठिकाणी खालचे सगळे प्रयोग जमणार नाहीत. त्यांचा सराव आधी एखाद्या रिकाम्या दालनात करून जा.

लेन्स पुसा

हसू नका. दुधट पडदा आणि दिव्यांच्या तिरप्या रेघा यांचं सर्वांत सामान्य कारण म्हणजे मोबाइलच्या लेन्सवरचा बोटांचा तेलकटपणा. मोकळ्या उजेडात तो लपतो. अंधाऱ्या दालनात एखादा तेजस्वी स्पॉटलाइट चौकटीत आला की लगेच उघडा पडतो. चष्म्याचं फडकं किंवा धुतलेलं मऊ सुती कापड घ्या. शर्टाच्या टोकाने कॅमेऱ्याची लेन्स पुसू नका, धुळीचा एखादा कण कायमचा ओरखडा काढेल. आधी रबरी फुंकणीने हवा मारा, मग पुसा.

फ्लॅश खरोखर बंद आहे ना?

‘ऑटो’ म्हणजे बंद नव्हे. अंधार दिसला की ऑटोमधला फ्लॅश आपणहून उडतो, काचेवरून थेट परत येतो आणि मधोमध पांढरा गोळा ठेवून जातो. कॅमेऱ्यात फोकसला मदत करणारा एक छोटा दिवा असतो, तोही मेनूत जाऊन बंद करा. त्याचा ठिपका काचेत दिसतो आणि शेजारच्या माणसाच्या डोळ्यांत जातो.

दालन इतकं अंधारं का, अशी कुरकुर नेहमी ऐकू येते. उजेडाने कापडाचे आणि कागदाचे रंग उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून असल्या वस्तूंवर साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासच उजेड ठेवायची पद्धत आहे. तो अंधार मुद्दाम केलेला असतो, आपल्याला त्यातच काम करायचंय.

उजेड कुठून येतोय ते शोधा

हीच खरी पायरी, आणि हिच्यावर सगळ्यांत कमी वेळ दिला जातो.

कॅमेरा खाली ठेवा. जिथून फोटो काढायचाय तिथे डोकं आणा आणि एक डोळा मिटा. दोन्ही डोळे उघडे असताना प्रत्येक डोळ्याला प्रतिबिंब वेगळ्या जागी दिसतं आणि मेंदू ते बाजूला सारून वस्तू पाहतो. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो, त्याला ती सोय नाही. आता मोकळा तळहात काचेसमोर हळूहळू फिरवा. ज्या जागी हात आल्यावर चकाकी नाहीशी होते, त्या दिशेला तिचा उगम आहे. खिडकी असेल, समोरची शोकेस असेल, किंवा ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ असं लिहिलेली हिरवी पाटी असेल. या हिरव्या पाटीने बिघडवलेले फोटो मी इतके पाहिलेत की अंधाऱ्या दालनात शिरल्याबरोबर आधी ती कुठे लावलीय ते बघतो.

उगम सापडला की नियम शाळेतलाच: उजेड ज्या कोनात काचेवर पडतो, त्याच कोनात परततो. त्याच्या परतीच्या वाटेवरून तुम्ही बाजूला व्हायचं. उभ्या शोकेससमोर अर्धं पाऊल डावी-उजवीकडे सरकलं तरी पुष्कळदा काम होतं. आडव्या, टेबलासारख्या पेटीत छतातले दिवे दिसतात. तिथे बाजूला सरकून उपयोग होत नाही, वाकावं लागतं किंवा पेटीच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं. समोर खिडकी असेल तर ऊन कलल्यावर परत या. दालन उघडताना आणि बंद होण्याआधी तीच काच अगदी वेगळी वागते, सकाळी गर्दीही कमी असते.

त्यानंतरही एक आकार उरतो तो तुमचा स्वतःचा. म्हणून गडद कपडे घालून जा, काळा किंवा गर्द निळा, बिनचमकीचा. पांढरा सदरा घालून आलेल्या माणसाला मी सरळ काळं जाकीट देतो. बरोबर कुणी असेल तर काळी ओढणी किंवा शाल धरून त्याला तुमच्या मागे उभं करा. काळी छत्री उघडूनही हेच साधतं, पण दालनात छत्री उघडल्यावर रखवालदाराच्या चेहऱ्यावर जे येतं ते सोसायची तयारी हवी.

काचेला भिडा

लेन्स काचेला टेकली की मधे दुसरा उजेड शिरायला जागाच राहत नाही. प्रतिबिंब घालवायचा हा सगळ्यांत खात्रीचा उपाय. काचेला स्पर्श चालतो का ते आधी विचारा. काही शोकेसना धोक्याची घंटा जोडलेली असते. चालत असेल तर मोबाइल हलक्या हाताने टेकवा, अंगाचा भार टाकू नका. कॅमेऱ्यासाठी रबरी हूड मिळतो, काहीशे रुपयांत. तो किंचित तिरका टेकवला तरी दबून काचेला चिकटून राहतो. तोही घ्यायचा नसेल तर स्टेशनरीच्या दुकानातून काळा जाड कार्डपेपर आणा, लेन्सएवढं भोक पाडा आणि लेन्सभोवती बसवा. काचेपासून वीतभर लांबूनही तो तुमचे हात, चेहरा नि शर्ट लपवतो.

टेकवल्याचे आणखी दोन फायदे होतात. हाताला आधार मिळतो, त्यामुळे फोटो हलत नाही. आणि काचेवरची धूळ लेन्सच्या इतकी जवळ येते की तिच्यावर फोकस बसत नाही, ती विरून जाते. काचेवरचे ठसे रेखीव येण्याची तक्रार इथेच मिटते. टेकवणं शक्य नसेल तर वस्तूच्या ठळक कडेवर, मुठीवर किंवा खिळ्यावर बोट दाबून धरा आणि फोकस तिथेच पक्का करा.

मोबाइल कोणती लेन्स वापरतोय?

तलवार वाकडी आणि तोफेचं तोंड फुगलेलं दिसतं, कारण तुम्ही रुंद लेन्सने फार जवळून फोटो काढलाय. दोन पावलं मागे या आणि दुप्पट झूम वापरा, प्रमाण जागेवर येईल.

इथे एक गोम आहे. झूमची वेगळी लेन्स असलेले फोनही उजेड कमी असला किंवा वस्तू फार जवळ असली की गुपचूप मुख्य लेन्सवर जातात आणि तिचंच चित्र कापून मोठं करून दाखवतात. परीक्षा सोपी आहे: झूम लावून एकेका लेन्सवर बोट ठेवा. ज्या लेन्सवर बोट ठेवल्यावर पडदा काळा होतो ती चालू. झूमची लेन्स चालू नसेल तर आणखी थोडं मागे जा.

‘पोर्ट्रेट’ मोड बंद. तो पार्श्वभूमी धूसर करण्याच्या नादात कट्यारीच्या मुठीच्या आडव्या पट्ट्या नि दांडपट्ट्याच्या टोकाचा घास घेतो. कोरीव लेखाच्या बाबतीत तर मी फार कडक आहे. तोफेवरचा देवनागरी किंवा फारसी लेख लांबून झूम करून टिपला की काही फोन अक्षरांच्या कडा अंदाजाने रचतात. फोटो खणखणीत दिसतो, पण त्यातला कानामात्रा तुमच्या फोनने लिहिलेला असतो. लेख वाचायचा असेल तर जवळ जा, साध्या मोडमध्ये, दोन-तीन वेगवेगळ्या कोनांतून टिपा. उजेड एका बाजूने तिरका पडत असेल तर त्या कोनातून झिजलेली अक्षरंही उठून दिसतात.

पांढरं पातं, काळा रणगाडा

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी असल्याचं धरून चालतो. काळ्या मखमलावर ठेवलेली तलवार दिसली की त्याला वाटतं फारच अंधार आहे; तो उजेड वाढवतो आणि पातं जळून जातं. अशा वेळी एक्स्पोजर उणे करा, एक पायरीपर्यंत, म्हणजे उजेड निम्मा होईपर्यंत. मोबाइलवर पात्यावर बोट दाबून धरायचं आणि सूर्याचं चिन्ह खाली ओढायचं. जळलेल्या पात्यातून मागाहून काहीच काढता येत नाही, थोडं काळं आलेलं मखमल मात्र घरी उजळता येतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात अकबराचं म्हणून ठेवलेलं पोलादी चिलखत आहे, तसल्या वस्तूंना हे विशेष लागू पडतं. पोलादावरची नक्षी बघायची असेल तर फोटो डोळ्यांना थोडा काळोखाच वाटला पाहिजे.

उघड्यावरच्या रणगाड्यांचं गणित उलटं. अहिल्यानगरचं, म्हणजे जुन्या अहमदनगरचं, रणगाडा संग्रहालय १९९४ पासून उघडं आहे आणि मॉडेलवाल्यांची ती पंढरी आहे. रोल्स रॉइस चिलखती गाडीपासून मटिल्डा, चर्चिल, व्हॅलेंटाइन, सेंच्युरियन, पॅटन, आपली विजयंता, सगळं एका आवारात. तिथून येणाऱ्या फोटोंमध्ये वरचा बुरूज चकचकीत आणि खालची चाकं, साखळ्या अंधारात गडप. कारण दुपारचं ऊन. नगर १९ अंशांच्या जरा वर आहे, मेच्या मध्याला तिथे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावलीसुद्धा पडत नाही. रणगाड्याच्या बाजूच्या पत्र्याखाली त्या वेळी उजेड पोचायचा कुठून?

फुकटचा उपाय: वेळ बदला. उघडल्या उघडल्या आत जा, किंवा शेवटच्या तासात. ढगाळ दिवस सर्वांत उत्तम, आषाढ-श्रावणातला पाऊस नसलेला दिवस तर सोन्यासारखा; ढगातून उजेड चारी बाजूंनी येतो आणि चाकांमधले बोल्टसुद्धा मोजता येतात. दुपारीच जावं लागलं तर आकाश चौकटीतून जमेल तितकं कापा, फोकसचं बोट चाकांवर ठेवा आणि एक्स्पोजर अधिक करा. आकाश पांढरं झालं तर होऊ द्या. आकाशाचा फोटो काढायला तुम्ही नगरला गेला नव्हता.

मॉडेलवाल्यांसाठी जाता जाता: उघड्यावर ठेवलेली रणसामग्री वेळोवेळी रंगवली जाते, तेव्हा त्या हिरव्याची नेमकी छटा पकडण्यात जीव काढू नका. वेळ द्यायचा तर जोड, खिळे, ओतीव पोलादाचा खरखरीतपणा यांना द्या. आणि प्रत्येक बाजूच्या फोटोआधी पाटी टिपा, पुढची बाजू कोणती ते लिहून ठेवा. आर्चर ही ब्रिटिश रणगाडाभेदी गाडी व्हॅलेंटाइनच्या सांगाड्यावर बांधलेली, तिची तोफ मागच्या दिशेला रोखलेली असते. घरी येऊन फोटो लावताना भलेभले तिला उलटी समजतात.

पट्टे आले तर शटर बघा

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे ट्यूबलाइट नि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. कॅमेऱ्याचं शटर त्याहून झटपट असेल तर चित्राची एक पट्टी तेज क्षणाला नोंदली जाते, दुसरी मंद क्षणाला. म्हणून शटर सेकंदाच्या १/१०० किंवा १/५० वर ठेवा, त्यात उजेडाची पूर्ण आवर्तनं बसतात. कॅमेऱ्यात ‘सायलेंट’ म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर ते बंद करून यांत्रिक शटर लावा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये फ्लिकर किंवा ५० हर्ट्झचा पर्याय दिसला तर तो निवडा, व्हिडिओ सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेमचा ठेवा. मंद करता येणारे काही एलईडी मात्र आपल्याच चालीने लुकलुकतात आणि १/१०० ला दाद देत नाहीत. तिथे शटर आणखी सावकाश करून बघा.

हललाय का?

शटर सावकाश केलं की हलण्याचा धोका आलाच. कोपरं बरगड्यांना टेकवा, भिंतीला किंवा खांबाला पाठ लावा, श्वास सोडून झाल्यावर बटण दाबा. त्याहून बरं म्हणजे दोन सेकंदांचा टायमर. बटण दाबण्याचा धक्काच जातो. लागोपाठ पाच-सहा फोटो काढा, त्यातला एखादा स्थिर निघतोच. कॅमेऱ्यात आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, वाढवायला घाबरू नका. दाणेदार फोटो वाचता येतो, हललेला कशानेच सुधारत नाही.

रंगांचं काय करायचं

रणगाड्याच्या रंगाचं मी वर झटकून टाकलं, पदकांच्या बाबतीत तसं करू नका. परमवीर चक्राची फीत साधी जांभळी असते, वीर चक्राची अर्धी गडद निळी नि अर्धी केशरी. पिवळ्या दिव्याखाली ती जांभळी फीत तपकिरी दिसू लागते आणि गडद निळा चक्क काळा. परमवीर चक्र सावित्रीबाई खानोलकरांनी रेखाटलं, त्यात राजमुद्रेभोवती इंद्राची चार वज्रं आहेत. पदक कांस्याचं असल्यामुळे पिवळ्या उजेडात पदक, वज्रं, फीत सगळं एकाच मातकट रंगात मिसळून जातं.

उपाय: ऑटो व्हाइट बॅलन्स सोडा. त्याच उजेडात पांढरा कागद धरून त्याचा एक फोटो काढा. नंतर संगणकावर त्या कागदाला पांढरा ठरवलं की बाकीचे रंग जागेवर येतात. सोय असेल तर रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला फोटो, साठवा. खिडकीचं ऊन आणि आतले दिवे दोन्ही एकाच वस्तूवर पडत असतील तर मात्र कोणताच कागद पुरा पडत नाही, तिथे खिडकीकडे पाठ करून अंगाचा आडोसा द्यावा लागतो. जाड साध्या काचेची स्वतःची हिरवट झाक असते आणि लाल मखमलाचा रंग पोलादावर चढतो, हेही लक्षात असू द्या.

आता पैसे खर्च करायचे तर

पोलरायझर फिल्टर. वरचं सगळं करून झाल्यावर. काचेवरची चकाकी तो कापतो, पण काचेकडे तिरकं, काचेच्या पृष्ठभागाशी साधारण ३०-३५ अंशांच्या कोनात बघत असाल तेव्हाच. काचेसमोर सरळ उभं राहून तो कितीही फिरवला तरी काही होत नाही, आणि मग लोक फिल्टर नकली निघाला म्हणून दुकानदाराशी भांडतात. उघड्या धातूच्या चकाकीवरही त्याचा प्रभाव पडत नाही, म्हणजे पातं जसंच्या तसं चमकत राहतं. शिवाय तो दीड-दोन पायऱ्यांचा उजेड खातो; १/६० वर नीट येणारा फोटो १/१५ वर जातो आणि हलतो. अंधाऱ्या दालनात म्हणूनच मी तो क्वचित लावतो. रंगवलेल्या रणगाड्यावरच्या आकाशाच्या चकाकीला मात्र तो छान.

गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमानन संग्रहालयात एक वेगळीच तक्रार येते. विमानांच्या कॉकपिटवरचं छत ॲक्रिलिकचं असतं, आणि पोलरायझर लावला की त्यात इंद्रधनुषी डाग उमटतात. दोष फिल्टरचा नाही आणि छताचाही नाही. प्लॅस्टिक घडवताना त्यात राहिलेले ताण दिसायला लागतात. तिथे फिल्टर काढून ठेवा. बाहेर उभ्या असलेल्या सुपर कॉन्स्टेलेशनसारख्या विमानाचं अंग टिपताना परत लावा. समुद्राकाठच्या हवेत वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून बाहेर आल्याबरोबर लेन्सवर वाफ धरते. ती पुसत बसू नका. कॅमेरा बंद पिशवीतच ठेवून पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या, मग काढा.

थांबायचं कुठे

रखवालदार किंवा जवान नको म्हणाला की तिथेच थांबा. नियम काल वेगळा होता, आंतरजालावर इतरांचे फोटो आहेत, असले वाद घालू नका. लष्करी संग्रहालयं पुष्कळदा छावणीच्या हद्दीत असतात. आवारातल्या रणगाड्याचा फोटो चालतो म्हणून फाटक, बाहेरचे बॅरेक, जाणारी वाहनं चालत नाहीत. प्रतिबंधित जागेचे फोटो काढणं १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाखाली गुन्हा ठरू शकतं. ड्रोनचा विचारही नको.

तोच काळपट ठिपका प्रत्येक फोटोत, त्याच जागी येत असेल तर सेन्सरवर धूळ आहे. लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) एफ/१६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचा फोटो काढला की खात्री होते. फुंकणीने गेला तर गेला. नाही गेला तर पुढे हात घालू नका. ओल्या काडीने सेन्सर पुसणं हे सेवा केंद्राचं काम. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसत असतील तर ती बुरशी, कोकणात नि गोव्यात पावसाळ्यानंतर सर्रास दिसते. ती लेन्स इतर लेन्सपासून वेगळ्या पिशवीत ठेवा आणि दुरुस्तीवाल्याकडे द्या. घरी भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून, आधार देऊन, भरपूर उजेडात काढलेल्या फोटोतही एकच बाजू अस्पष्ट येत असेल तर लेन्स आतून हललीय. तिथेही घरचा पेचकस नको. कार्डावरचे फोटो चुकून पुसले गेले तर त्या कार्डावर नवीन एकही फोटो काढू नका, तसंच काढून जाणकाराकडे न्या.

ही शेवटची सूचना मी थोडी जोर देऊन सांगतो. जुनी विक्रांत ही विमानवाहू नौका मुंबईत २००१ पासून २०१२ पर्यंत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये ती तोडायला काढली. तिच्यावर सहलीला गेलेल्यांच्या घरगुती फोटोंत जे आहे ते आता पुन्हा टिपता येणार नाही.

उरला छपाईचा प्रश्न. पुस्तकासाठी, प्रदर्शनाच्या फलकासाठी किंवा शोधनिबंधासाठी पात्यावरची नक्षी, शिक्के, मुठीवरचं सोन्याचं काम हवं असेल तर शोकेसबाहेरून होईल तितकं झालं असं समजा. शोकेस उघडणं, वस्तू हलवणं हे फक्त संग्रहालयाच्या माणसांनी करायचं. दिव्यांवर आणि लेन्सवर अशा दोन्हीकडे पोलरायझर लावून धातूची चकाकी मारणं हे त्यातल्या व्यावसायिक छायाचित्रकाराचं काम आहे, त्याला ते साहित्य लागतं आणि सरावही. अभिरक्षकांना लेखी अर्ज करा. वस्तूचं नाव आणि पाटीवरचा नोंदणी क्रमांक, फोटो कशासाठी हवा, कुठे छापणार, दिवे कोणते लावणार, फ्लॅश असणार की नाही आणि किती माणसं येणार, एवढं त्यात असू द्या. संग्रहालयाकडे त्या वस्तूचा चांगला फोटो आधीच आहे का, हेही त्याच अर्जात विचारा. असला तर छायाचित्रकाराचा खर्च वाचतो. उत्तर यायला वेळ लागतो, तो धरूनच छापखान्याला तारीख द्या.